वहिनीचा व्हायवा आणि वाघपतंगांचं कुळ

वहिनीचा व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, होती त्या सकाळी आमच्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न काजूकतलीचा होता. एक्स्टर्नल सरांना, म्हणजे बाहेरगावाहून परीक्षा घ्यायला येणाऱ्या सरांना, गोड चालतं का नाय, हे कुणालाच माहीत नव्हतं. पीएच.डी. करणाऱ्यानं परीक्षकाचा नाश्ता, जेवण, शाल असं सगळं बघायचं, ही कुठल्याच नियमात नसलेली आणि सगळीकडं पाळली जाणारी रीत. मी म्हटलं, हा उघड माज आहे, याच्यावर पत्रक निघायला पाहिजे. दादा म्हणाला, उद्या काढ, आज डबे उचल.

मी कॉलेजपासून संघटनेची पत्रकं लिहिते. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द माझ्या हातातून आपोआप उतरतात. वहिनी मला पुढारीणबाई म्हणते. ती स्वतः पतंग बघत बसते, दिव्यावर झेपावतात ते. त्यातही वाघपतंग. पंखांवर काळे, नारिंगी पट्टे नाहीतर ठिपके, एकदम भडक. यांच्यातल्या काहींच्या अळ्या म्हणजेच ती केसाळ अळी, जिला शेतकरी रोज शिव्या घालतो. सोयगावकडच्या डोंगरातून, पाचोडच्या शेतांतून तिनं ते गोळा केले आणि त्यांचं वर्गीकरण हाच तिचा प्रबंध. कोण कुणाच्या नात्यातला, एवढंच त्यात शोधायचं, पण त्यात तिची कित्येक वर्षं गेली.

ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. शिकवलेल्या तासाचे पैसे, सुट्टी लागली की घरी बसा. कायम जागेची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. पीएच.डी. झाल्याचं पत्र हातात नसेल तर दारातूनच परत. म्हणजे त्या एका दिवसावर सगळं लटकलेलं.

आणि नेमकी तिथंच गोची होती. वाघपतंगांचं पूर्वी स्वतंत्र कुळ मानायचे, आर्क्टिइडी. पुढं डीएनए तपासल्यावर कळलं की हे एका फार मोठ्या कुळाच्या, इरेबिडीच्या, आतलेच आहेत. मग ते उपकुळ झाले. वहिनीनं प्रबंधात तसं लिहिलं. एक्स्टर्नल सरांनी मात्र जन्मभर ते कुळ म्हणून शिकवलेलं, त्यावर पुस्तक लिहिलेलं. प्रबंध वाचून त्यांनी कळवलं होतं की कुळाबद्दल उमेदवाराकडून समक्ष खुलासा घेऊ.

निघायच्या आधी तिच्या गाइड सरांचा फोन आला. ते म्हणाले, एक्स्टर्नल सरांनी विचारलं तर कुळच म्हणा, तुमचं काय जातंय, दुरुस्ती करते म्हणा आणि मोकळ्या व्हा. वहिनी हो पण म्हणाली नाय, नाय पण म्हणाली नाय. साडीची पिन तिला दोनदा लावून जमेना. शेवटी मी लावून दिली.

खरं सांगायचं तर कुळाचं उपकुळ झालं हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीच भडकले होते. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तो जातीच्या पायऱ्या मोडायला. वर कोण, खाली कोण, हे शब्द ऐकले की माझं डोकं सटकतं. कुणी ठरवलं यांना खाली आणायचं, असं मी विचारलं होतं. वहिनी तेव्हा नुसती हसली होती.

व्हायवा खुला असतो. कुणीही बसावं, प्रश्न विचारावा. पण ऐन वेळी कुणी काही भलतंच विचारू नये म्हणून प्रश्न आधीच वाटून देतात. मलाही एक मिळाला होता: या अभ्यासाचा शेतीला उपयोग काय? मी तो पाठ केला होता. वहिनीनं दोनदा बजावलं होतं की तेवढंच विचारायचं आणि खाली बसायचं.

एक्स्टर्नल सर शांत, हळू बोलणारे निघाले, त्यामुळं जास्तच भीती वाटली. सगळं इंग्रजीत चाललं होतं. सुरुवातीचे प्रश्न बरे गेले. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि कुळाचं विचारलं. वहिनीनं उत्तर दिलं, संदर्भ दिले, पण आवाज खाली खाली जात होता. सरांनी विचारलं, मग मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं का? गाइड सर पंख्याकडं बघायला लागले. वहिनी समोरचे कागद सारखे करायला लागली. मला वाटलं, आता ही म्हणणार, दुरुस्ती करते सर.

तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, आता श्रोत्यांचे प्रश्न. एका विद्यार्थ्यानं वाटून दिलेला प्रश्न विचारला, वटवाघळांपासून हे पतंग कसे वाचतात वगैरे. मग माझं नाव आलं. मी उठले. शेतीचा प्रश्न जिभेवर होता.

"कुळाचं उपकुळ केलं म्हणजे त्यांची किंमत कमी केली का?" मी मराठीत विचारलं. "आणि केली नसेल तर सर रागावले कशाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी बसलेच. पण तिनं उत्तर द्यायचं होतं ते मराठीत विचारणाऱ्या मला, म्हणून तिला मराठीत यावं लागलं, आणि मराठीत आल्यावर तिचा आवाज घरातल्यासारखा झाला.

"किंमत नाही हो ती, फक्त नातं," ती म्हणाली. "एका आजोबांची सगळी नातवंडं. त्यातल्या एका घरानं भडक कपडे घातले म्हणून आपण त्याला वेगळं आडनाव दिलं. मग उरलेल्यांचा फोटो काढून म्हणालो, बघा, हे पूर्ण कुटुंब. तो फोटो खोटा." मग ती सरांकडं वळली. "सर, तुम्ही पुस्तकात जे पतंग एकत्र ठेवलेत, ते जवळजवळ सगळे अजून एकत्रच आहेत. ते चुकलं नव्हतं. पण वेगळं कुळ म्हणता येत नाही, आणि मी तसं लिहिणार नाही."

निर्णय ठरवायला आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये दादा येरझाऱ्या घालत होता. वहिनी माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. आतून खुर्च्यांचे आवाज येत होते, बोलणं ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवायला लागले.

परत बोलावलं तेव्हा सरांनी पास झाल्याच्या अहवालावर सही केलेली होती. एकच दुरुस्ती सांगितली: पतंगाच्या प्रत्येक जातीखाली जुन्या कुळाचं नावही द्या, नाहीतर त्या नावानं लावलेल्या जुन्या पेट्यांतले नमुने पुढची पोरं शोधणार कुठं? वहिनी म्हणाली, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती खरंच तसं मानत होती. मला सर एवढ्यावर सुटले याचा जरा रागच आला.

परत येताना स्कूटर ती चालवत होती, मी मागं. सिग्नलला थांबल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"रागावले कशाला, हे तू माझ्या नोकरीच्या जिवावर विचारलंस. तुझ्या नाही."

मी म्हटलं, पण कुणीतरी विचारायलाच पाहिजे होतं.

"व्हय. आणि त्यांनी सही केली नसती तर?"

"पत्रक काढलं असतं."

"मग?"

"मोर्चा."

"आणि मग?"

सिग्नल सुटला होता. मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तरी ती स्कूटर पुढं घेईना, मान अर्धी वळवून माझ्या उत्तरासाठी थांबली होती.