सोमवारी पुसले जाणारे आकडे

संशय घेणं हा माझा जुना रोग आहे. बायको म्हणते, "तू तर आरशातल्या माणसालाही ओळखपत्र मागशील." मागीन! पण फरीदाबादच्या कारखान्यात माझ्या संशयापायी एका माणसाच्या पोटावर पाय येणार होता, ते सांगतो.

मी तिथे देखभालीचा इंजिनिअर. रबरी वॉशर दाबून काढणारं एक जुनं मशीन आहे. कुठल्या साच्याला तापमान किती, वेळ किती, हे आकडे त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये साठवलेले असतात. वीज गेली तरी ते टिकावेत म्हणून आत छोटी बॅटरी असते. ती मीच नुकती बदलली होती, नियमाप्रमाणे पॅनेल चालू ठेवून. तरी दर सोमवारी सकाळी सगळे आकडे शून्य!

एरवी वीज गेली की जनरेटर लगेच लागतो, तेवढा वेळ पॅनेल तग धरतं. रविवारी मात्र सगळंच बंद. सोमवारी मशीनवर पहिला येणारा ऑपरेटर बिहारचा, माझ्याहून वयाने मोठा. मी पोचेपर्यंत तो आकडे पुन्हा भरून मोकळा. कुठून? तर खिशातल्या वहीतून. झालं, माझं डोकं फिरलं. हाच पुसतो, हाच भरतो, आणि आपल्यावाचून मशीन हलत नाही असं वर दाखवतो! विचारलं तर म्हणाला, "साहब, बत्ती जाने से होता है." म्हणजे मलाच शहाणपण शिकवतो!

मी लेखी तक्रार केली. मॅनेजरने त्याला पॅकिंगला बसवलं आणि बजावलं, चौकशीत खरं निघालं तर घरी जायचं. दोन मुली कॉलेजात आहेत, असं तो काकुळतीने सांगत होता. मला तेही नाटक वाटलं.

पुढच्या सोमवारी मशीनवर दुसराच माणूस होता. आकडे शून्य.

मी पॅनेल उघडून बॅटरी काढली. तिला पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटलेली. दुकानात पडून बॅटरी उतरू नये म्हणून ती लावतात, बसवताना ओढून काढायची असते. मी तेव्हा पाहिलीही होती. धूळ बसू नये म्हणून असेल, राहू दे, म्हटलं. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. अरे देवा, म्हणजे बॅटरी कधी जोडलीच गेली नव्हती.

पट्टी खिशात टाकावी आणि गप्प बसावं, असं मनात आलं. आलंच, खोटं कशाला बोलू? कोणी बघतंय का, तेही पाहून घेतलं. मग स्वतःचीच शरम वाटली आणि पट्टी मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

ऑपरेटर मशीनवर परत आला. मी हात जोडून म्हटलं, "गलती मेरी थी." "कोई बात नहीं, साहब," एवढंच म्हणाला.

आता मी ते पॅनेल उघडलं की तो हातातलं काम ठेवून शेजारी येऊन उभा राहतो आणि माझ्या हातांकडे बघत राहतो. मी त्याला जा म्हणत नाही.