सिंगापूरला बिनव्हिसाचे चार दिवस

शकूताईच्या आजाराचा फोन आला तेव्हा माझ्या आणि आईच्या पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचे व्हिसे तयार होते. मेलबर्नच्या दादानं उन्हाळ्यापुरतं तरी आईला रेणापूरच्या टँकरच्या रांगेतून सोडवायचं ठरवलं होतं. ताई सिंगापूरला, मेलबर्नची वाटही तिथूनच जाणारी. पण सिंगापूरच्या व्हिसाची वाट पाहण्याइतकी सवड डॉक्टरांनी ठेवली नव्हती. म्हणून मी वाटेतल्या बिनव्हिसाच्या मुक्कामाचा नियम शोधला. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी ताजा नियम बघाच. ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा हवा, तिसऱ्या देशाचं पक्कं तिकीट हवं आणि शहाण्णव तासांत निघायला हवं. मुदत वाढत नाही. दारातल्या अधिकाऱ्याला पटलं नाही, तर तेवढंही मिळत नाही.

आमचं अडलं ते पुढच्या तिकिटावर. आमच्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला निघालेलं माणूस परतीचा दिवस बोलून दाखवत नाही. "कधी निघणार ते आधीच सांगायचं म्हंजे लेकीला मुदत दिल्यावाणी हाय," आई म्हणाली. मी समजावून थकलो. शेवटी ते तिकीट हैदराबादला काढू म्हणून तसेच निघालो.

लातूर, उदगीर, बिदर, जहिराबाद. रस्ता बरा, दोन्हीकडची रानं करपलेली. उदगीरला चहाच्या टपरीवर नवा जिल्हा होणार की नाही यावर लोक हमरीतुमरीवर आले होते आणि शेजारच्या हापशाला घागरी रिकाम्याच लागल्या होत्या. जहिराबादला इडली गरम आणि स्वस्त मिळते. आईनं घास घेतला नाही.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पुढचं तिकीट मागितलं. ते नसेल तर विमानात बसवता येणार नाही म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. मागं रांग खोळंबली. मी मोबाइल काढला, पण तारीख टाकायचा धीर होईना.

"टाक," आई म्हणाली. "जितके देतेत तितके घे. शेवटच्या दिसाचं टाक."

सिंगापूर कसं आहे, हे मला विचारू नका. दवाखाना आणि दाजींचं घर, एवढंच पाहिलं. कधीही नळ सोडला की पाणी येतं, याचं आईला पहिल्या दिवशी अप्रूप वाटलं, पुढं तेही राहिलं नाही. ताई मधूनच शुद्धीवर यायची. एकदा आईचा हात धरून तिनं विचारलं, "किती दिवस हायस?"

"तू उठून बसंस्तोवर," आई म्हणाली.

निघायच्या दुपारी ताईला झोप लागली होती. दाजी उठवतो म्हणाले. आईनं नको म्हटलं. उठवलं असतं तर पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. ताईच्या कपाळाला हात लावून ती बाहेर आली. टॅक्सीत ती रडली नाही, मला मात्र आवरलं नाही. मेलबर्नला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी ताई गेल्याचा फोन आला.

आता रेणापूरला परत आलोय. नियमाला मी नावं ठेवत नाही. परक्या मुलखानं चार दिवस दिले म्हणून भेट तरी झाली, असं मी समाचाराला येणाऱ्यांना सांगतो. परवा सगळे गेल्यावर आई म्हणाली, "जागी झाल्यावर तिनं मला हाक मारली का, एवढं जावयाला विचारून सांग."

मी ते मेलबर्नहूनच दाजींना विचारलं होतं. आईला अजून सांगितलेलं नाही.