बिफोरचा फोटो

वाशिंदला नव्या इमारती झाल्या तेव्हा सगळ्यांनी हौसेने घरात कमोड बसवून घेतले. दोनेक वर्षांत आम्हा बायकांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि मग उकिडवं बसायला शिकण्यासाठी आम्ही फी भरून क्लासला जाऊ लागलो. त्याला स्क्वॉट म्हणायचं. शिकवणारी मॅडम कल्याणहून यायची, माझ्याहून लहान होती आणि तिला पोट म्हणून नव्हतंच. इमारतीखालच्या स्कूटर बाजूला सारून, टेपरेकॉर्डरच्या तालावर ती आम्हाला लाकडी खोक्यावर चढवायची आणि उतरवायची. मी मुरबाडकडच्या वैशाखरे गावची. लहानपणी डोक्यावर जळणाचा भारा घेऊन कितीदा डोंगर उतरले असेन, तेव्हा त्याला कोणी कार्डिओ म्हटलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, मला क्लास आवडायचा. लग्नानंतर मी चांगलीच सुटले होते. ओढणी कमरेला बांधून मी घाम गाळला, मॅडमचा डाएट पाळला, भात बंद केला. भात बंद केल्याचं कळल्यावर सासूने माझी दृष्ट काढली. तरी वर्षभरात मी निम्मी झाले. मॅडमने माझे दोन फोटो काढले होते, एक पहिल्या आठवड्यातला आणि एक नंतरचा. मुरबाडला नवी बॅच काढायची म्हणून तिने ते पत्रकावर छापले, खाली इंग्रजीत बिफोर आणि आफ्टर. मला आधी विचारलं होतं. मी लगेच हो म्हटलं, कारण आफ्टरमध्ये मी फार बरी दिसत होते.

ते पत्रक मुरबाडच्या एसटी स्टँडवर लागलं आणि माझ्या मामाच्या नजरेस पडलं. मामा दहावी पास, इंग्रजीचा त्याला भारी अभिमान. त्याने बाकीचा मजकूर सोडला आणि हे दोन शब्द तेवढे वाचले. बिफोर म्हणजे लग्नाआधी, आफ्टर म्हणजे लग्नानंतर. कोणा भल्या माणसाने भाचीचे हाल चव्हाट्यावर आणलेत असं समजून त्याने पत्रक भिंतीवरून सोडवलं आणि थेट माझ्या आईकडे नेलं. आमच्या गावी ‘तब्येत सुधारली’ म्हणजे माणूस जाड झालं. त्या हिशेबाने माझं काही खरं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दोघं एसट्या बदलत वाशिंदला हजर झाली. आईच्या पिशवीत तांदूळ, सुकट आणि पाय बांधलेली गावठी कोंबडी. दारात मला पाहताच तिने माझं मनगट धरून चाचपलं.

“कपडे भर गो,” ती म्हणाली. “घरी चल.”

सासू आतून आली. मामाने पत्रक तिच्यापुढे धरलं. “ह्यो बिफोर, ह्यो आफ्टर. आमची पोर तुमी उपाशी ठेवता, आनि आता सगल्या मुरबाडाला म्हाईत झालंय.”

माझी सासू अंगाने भरलेली आणि तोंडाने फटकळ. पण त्या दिवशी तिला शब्द सुचेना. सून उपाशी ठेवते असं तिच्याबद्दल आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी क्लास, डाएट, स्क्वॉट सगळं सांगून पाहिलं. पैसे देऊन कोणी बारीक होतं हे मामाला पटेना. सासरच्या भीतीने पोर खोटं बोलते, असं त्याचं मत पडलं. आई पिशवी खाली ठेवायला तयार नव्हती. मी तेव्हा तिच्याबरोबर गेले असते तर दोन घरं कायमची तुटली असती.

सासू आत गेली. तिने कोंबडीला हात लावला नाही, आपलंच वालाचं बिरडं गरम केलं, भात टाकला आणि सगळ्यांना पानावर बसवलं. माझ्यासमोर भाताचा डोंगर ठेवला. “खा,” म्हणाली. “त्यांच्या डोळ्यांदेखत खा.”

मी खाल्लं. वर्षभराची तपश्चर्या मी बिरड्यात कालवून गिळली. आणखी भात घेतला, परत घेतला. मॅडम असती तर तिला चक्कर आली असती. मामाचा आवाज हळूहळू खाली आला आणि तोही मुकाट जेवू लागला.

आईने मात्र मूठभर भात घेऊन ताटावर हात आडवा धरला होता. सासूच्या जिवात जीव आला होता, त्यामुळे जीभही परत आली होती. तिने पत्रक उचललं, एकदा आईकडे पाहिलं, एकदा फोटोकडे.

“इहीणबाय,” ती म्हणाली, “ह्या आफ्टरपेक्षा तुमी बारीक. तुमचा बिफोरचा फोटो हाय का?”

तिने गमतीत विचारलं होतं. आईही हसली. “माजा कसला बिफोर. मी पयल्यापासून अशीच हाय.”

मी आईच्या त्या आडव्या हाताकडे पाहिलं. मनगटाची दोन्ही हाडं वर आलेली. ह्याच हाताने तिने मघाशी माझं मनगट चाचपलं होतं. लहानपणी घरी आम्हाला भात वाढून झाला की ती टोपात पाणी घालायची, तळाची शितं खरवडायची आणि ते पाणी पिऊन उठायची. आईला पेज फार आवडते, असं आम्ही भावंडं सगळ्यांना सांगायचो. मला पानावरच रडू आलं. मामाला वाटलं, सासूचा जाच आता बाहेर पडतोय.

मी उठून भाताचं भांडं घेतलं.

“पुरे गो,” आई म्हणाली, “मला नाय लागत एवढा.”

तिचा हात बाजूला करून मी वाढला.