रापणीच्या दोराला बांधलेली मोटार

कोल्हापूर सोडताना मी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. 'विकून टाका' हे शब्द आपल्या तोंडून काढायचे नाहीत. काढायचे तर यांनी काढावेत, कारण गाडी यांची होती.

दोन माणसांची, बिनछपराची, इंग्रजी बनावटीची ती तांबडी गाडी एका जहागीरदारांच्या बंगल्यातून आमच्याकडे आली, त्याला बरीच वर्षे झाली होती. आणली यांनी, तीही मला न विचारता. यांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला, त्यामुळे स्वतः चालवण्याचा प्रश्नच नव्हता. चालवायची मी. माझे वडील संस्थानच्या मोटारखान्याचे कारभारी होते आणि लग्नाआधीच त्यांनी मला गाडी शिकवली होती. थोडक्यात काय, औषधांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने हौस केली आणि शाळेत भूगोल शिकवणारी त्याची बायको बिनपगारी ड्रायव्हर झाली. दर रविवारी हे गाडी पुसायला बसत. इतक्या मायेने यांनी माझ्या पाठीवरून कधी हात फिरवला नव्हता, आणि हे मी यांना बोलून दाखवायला कमी करत नसे.

गाडी देखणी खरी, पण अंगात नाना कळा. निवांत फिरायला काढली की झकास चालायची आणि शाळेच्या तपासणीच्या दिवशी हमखास बंद पडायची. त्या वर्षी इंजिनाच्या पोटातून ठकठक असा आवाज येऊ लागला. आमचा मिस्त्री कान लावून ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाई, आता सगळं इंजिन उतरवायला लागतंय. न्हाईतर गिऱ्हाईक बघा. अजून चालतीया तवरच." सुटे भाग मिळणे मुश्कील, काम महिनोन्‌महिने रखडणार. मी यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." मी काहीच म्हटले नाही. गाडी विकली तर यांचा जीव तुटेल याची मला खात्री होती, आणि ते पाप मला माझ्या माथी नको होते.

अशात मालवणच्या एका व्यापाऱ्याने ओळखीतून निरोप धाडला की गाडी पाहायची आहे. दिवाळीची सुट्टी होती. निदान समुद्र तरी पाहून येऊ, असे म्हणून आम्ही निघालो.

आंबोलीचा घाट उतरताना गाडी शहाण्यासारखी वागली. उतारावर कोण शहाणा होत नाही? सावंतवाडीनंतर चढउतार सुरू झाले, तशी तिच्या नाकातोंडातून वाफ यायला लागली. पिंगुळीला पाण्यासाठी थांबलो. ज्या घरातून पाणी मिळाले ते कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांचे घर होते. पडवीत राजे, राण्या आणि राक्षस एका दांडीवर शेजारी शेजारी टांगलेले होते. घरमालक कळशी घेऊन आला, झाकण उघडलेल्या इंजिनातल्या तारा आणि नळ्या निरखत राहिला आणि म्हणाला, "आमच्या बाहुल्यांका इतके दोरे नाय गो बाय! आणि नाचता मात्र आमच्यापेक्षा वायट." हे खो खो हसले. मलाही हसू आले, पण गाडीचा अपमान झाल्यासारखे थोडे वाटलेच.

तिथून पुढचा रस्ता तांबड्या मातीचा. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे, मध्येच काजूच्या बागा आणि एखादा पऱ्ह्या (लहान ओढा). मालवणात पोचलो तेव्हा आमच्या दोघांच्या भुवया आणि गाडी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. माड संपले आणि समोर एकदम पाणी, पाण्यात किल्ला. इतका सपाट, इतका निळा समुद्र मी वर्गात फळ्यावर काढत आले होते, पण तो असा श्वास घेतो हे काही मला काढता येत नव्हते.

पास्कूबाब हे त्या व्यापाऱ्याचे नाव. ठेंगणे, गोरेपान, ख्रिस्ती गृहस्थ. भाताची गिरणी आणि दोन होड्या त्यांच्या मालकीच्या. अर्धे नातेगोते गोव्यात, आणि गोवा मोकळा झाल्यापासून ते येणेजाणे वाढलेले. त्यांनी आमचे स्वागत केले, आम्हांला बलकांवात (घरापुढच्या ओट्यावर) बसवले, सरबत दिले आणि मग थेट गाडीचे झाकण उघडून आत डोके घातले. बाहेरून त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. बऱ्याच वेळाने डोके बाहेर काढून म्हणाले, "इंजिन बरा आसा. दुरुस्त करून माझ्या होडयेक बसयतंय. बाकीचो पत्रो तुमी परत न्या, माका नको."

म्हणजे गाडी जाणार नव्हती, तिची चिरफाड होणार होती. मी यांच्याकडे चोरून पाहिले. हे खिशातला रुमाल काढून समोरच्या दिव्याची काच पुसत राहिले.

रात्री पास्कूबाबांच्या पत्नीने, मारयानबायने, बांगड्याचे सार वाढले. त्यात तिरफळे (जिभेला झिणझिण्या आणणारी रानातली फळे) घातलेली. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर मी ते दोनदा घेतले. यांनी घास चिवडला. मी मनात म्हटले, झाले, दुखणे लागले.

सकाळी पेज (उकड्या तांदळाचा पातळ भात) पिऊन पास्कूबाब म्हणाले, "होडी बघूक चलतच जाऊया." पण मला गाडी शेवटची समुद्राकाठी फिरवायची होती. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, हे मी मुलींना दरवर्षी शिकवत होते. मी ऐकले नाही आणि गाडी किनाऱ्यावर घातली. थोडी गेलीही छान. मग ठकठक थांबली, म्हणजे सगळेच थांबले. उतरून पाहते तो मागची चाके निम्मी वाळूत, आणि भूगोलाने सांगितलेली दुसरी गोष्टही वेळेवर येत होती. भरती.

जवळच रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भलेमोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर धरून सारी वाडी ते बाहेर खेचते. मागून चालत आलेल्या पास्कूबाबांनी हातवारे करून हाक मारली. जगूतांडेल, म्हणजे त्या रापणीचा म्होरक्या, एक उंच, वयस्क माणूस, मान न वळवता ओरडला, "आदी जाळा, मगे गाडी!"

पाणी चाकांना शिवून परत गेले. मी हात चोळत उभी होते. तेवढ्यात हे, कधी कपाची बशी न उचलणारे, बूट काढून पळत गेले आणि जाळ्याचा दोर धरून ओढायला लागले. जाळे लवकर यावे म्हणून. मीही पदर खोचला. दोर खरखरीत, ओला, आणि पलीकडचे ओझे जिवंत. पाय वाळूत रोवून मागे मागे जायचे, आपला नंबर संपला की पुन्हा पाण्याकडे धावायचे. जाळे आले तेव्हा वाळूवर बांगड्यांचा नुसता चकाकणारा ढीग. तोवर लाटा इंजिनापर्यंत पोचल्या होत्या. मग तोच दोर आमच्या गाडीच्या आसाला बांधला गेला, गडी-बायका सगळ्यांनी आरोळी देत ओढ घेतली, आणि गाडी मागच्या बाजूने, अगदी लाजल्यासारखी, कोरड्यावर आली.

यांनी पाकीट काढले. जगूतांडेलाने हात आडवा केला.

"बक्षीस कित्याक? दोराक हात लावलो त्येचो वाटो आसता. तुमी आमचो दोर ओढलास, तुमका मासळीचो वाटो. आमी तुमची गाडी ओढलंव, आमका गाडयेचो वाटो."

"गाडीचा वाटा कसा करणार?" मी विचारले.

"एकेक फेरी," तांडेल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेची रेषसुद्धा नव्हती.

पास्कूबाब घाईला आले. "अरे, गाडी मी घेतंय! इंजिन आजच उतरयतलंय."

"वाटो झाल्याबिगर माल हलाचो नाय, पास्कूबाब," तांडेल म्हणाला. "तुमीय हात लावलास. तुमकाय एक फेरी."

पानावर बांगड्यांचा ढीग घेऊन आम्ही परतलो. पास्कूबाबांच्या गिरणीवरच्या माणसाने आणि यांनी मिळून दिवसभर इंजिन सुकवले, आणि दुसऱ्या सकाळी मी वाटे चुकते करायला बसले.

बंदरापासून बाजाराच्या नाक्यापर्यंत आणि परत. एका वेळी एक माणूस. जगूतांडेल पहिला. टोपी हातात धरून ताठ बसला आणि उतरताना म्हणाला, "होडयेपेक्षा बरा. पाय भिजनत नाय." पास्कूबाबांनी फेरीभर इंजिनाचाच आवाज ऐकला. एका तरण्या गड्याने वाटेत भेटेल त्याला हाक मारून आपण कुठे बसलो आहोत ते कळवले. बाया आधी लाजल्या, मग भांडून नंबर लावू लागल्या. बाई गाडी चालवते हे पाहायला बाजार लोटला होता.

शेवटी आली म्हातारी भागीआये. तिने म्हणे दोराच्या पार शेपटाला नुसता हात टेकवला होता. बाकीच्या बायांनी तिला हसून घेतले, पण तांडेल म्हणाला, हात तो हात. ती मासळीची पाटी मांडीवर घेऊनच बसली. नाक्याकडे जाताना म्हणाली, "जरा जोरात हाण गो. मी काय काचेचा भांडा आसंय?"

मी हाणली. माडांच्या सावल्या अंगावरून सपासप गेल्या, माझा अंबाडा सुटला, पाटीतले दोन बांगडे रस्त्यावर उडाले आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने हसत सुटलो. परत येऊन गाडी थांबवली, तरी ती उतरेना. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "काल दोर ओढताना बघलंय तुका. तेवा मास्तरीण होतंस. गाडी चलयताना तुजा तोंड चेडवासारखा दिसता." चेडू म्हणजे लहान मुलगी. मी सुटलेला अंबाडा बांधायला घेतला.

तिला उतरवून, यांना शेजारी घेऊन घराकडे वळले आणि पास्कूबाबांच्या फाटकापाशी इंजिनाने एक मोठा ठोका दिला. त्यानंतर ते काही चालू झाले नाही.

संध्याकाळी आम्ही बलकांवात बसलो होतो. पास्कूबाब म्हणाले, "मगे? काय ठरला? मोडला तरी माका चलता, मी करून घेतंय."

मी यांच्याकडे न पाहताच म्हटले, "गाडी यांची आहे. यांना विचारा."

"माझी?" हे दचकले. "गाडी हिची आहे. हिलाच विचारा."

पास्कूबाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिले. "सायबा देवा! मगे माका विकतलो कोण?"

"अहो, हिची म्हणजे?" मी तडकले. "मला न विचारता कोणी आणली? मी आपली इतकी वर्षं तुमच्या हौसेपायी हात काळे करून घेतेय!"

"माझी हौस?" यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "अगं, त्या सीटवर माझं कंबरडं मोडतं. धूळ त्या एका डोळ्यात जाते. तुला पाहायला आलो होतो तेव्हा आईनं विचारलं, आवड कशाची? मुली सांगतात गाणं, भरतकाम. तू म्हणालीस, गाडी चालवायची. आई म्हणाली, आमच्याकडे गाडी नाही. तेव्हा तू मान खाली घालून म्हणालीस, 'मग राहिलं.' माझ्या घशाखाली तो चहा उतरला नाही."

मला यातले काहीही आठवत नव्हते. एक अक्षर नाही.

"मग दर रविवारी पुसत बसायचात ते?"

"चालवता येत नाही," हे म्हणाले. "निदान पुसावी तरी."

मी रडले. परक्यांच्या ओट्यावर, पदर न लावता, चांगली रडले. मारयानबाय आतून पाणी घेऊन आली आणि काही न विचारता माझ्याजवळ बसली. पास्कूबाब समुद्राकडे पाहत होते. तोंड पुसून मी त्यांना म्हटले, "पास्कूबाब, माफ करा. माझी गाडी मला विकायची नाही."

"कळला," ते म्हणाले. "माझ्या होडयेक शीड आसा. घाई नाय."

परतीचा प्रवास नारळांच्या ट्रकमधून झाला. गाडी नारळांवर, आम्ही दोघे ड्रायव्हरशेजारी. घाटात थंडी वाजली म्हणून यांनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांसाठी आपण काय काय ओढत आणले असेल, याचा मी विचार करत होते. आणखी काही असे निघाले तर विचारून घ्यावे, असेही ठरवले. माणूस दूर गेल्याशिवाय त्याला घरातले दिसत नाही म्हणतात. मला तर त्यासाठी सबंध घाट उतरावा लागला.

इंजिन उतरवले, भाग मागवले, पावसाळा सरला तरी काम चालूच होते. एका सकाळी मिस्त्रीने किल्ली आणून माझ्या हातात दिली. हे शेजारी येऊन बसले. इतकी वर्षे मी या क्षणी विचारत असे, 'कुठे घेऊ?' आणि हे म्हणत, 'घे, तुला हवी तिथे.' यांना कशातच रस नाही म्हणून मी मनातल्या मनात चिडत असे. ते माझ्या प्रश्नाचे उत्तर होते, हे मला कधी कळलेच नव्हते. त्या सकाळी मी विचारले नाही. मला हव्या त्या रस्त्याला गाडी लावली.