ओला समुद्र

काल दाराला रंग दिला. टर्पेंटाइनच्या वासानं पंचावन्न सालच्या सुमाराचं, मुलुंडच्या शाळेतलं आमचं प्रदर्शन आठवलं. आम्ही चौघे हौशी चित्रकार. आपलं एक तरी चित्र कुणी घरी न्यावं, एवढीच माझी इच्छा. म्हणून वर्सोव्याचा समुद्र आदल्या संध्याकाळपर्यंत सुधारत बसलो आणि तैलरंग ओले असतानाच भिंतीवर टांगला. म्हटलं, हात कोण लावतंय!

हात कुणी लावला नाही. मित्राच्या काकू गर्दीत मागे सरकल्या आणि त्यांच्या पांढऱ्या पातळावर निळी लाट उमटली.

"मेल्या, हे काय रे?"

"समुद्र, काकू," मी पुटपुटलो.

तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं होतं. आता घरात ऐटीत सांगतो, चौघांत फक्त माझंच चित्र कुणीतरी घरी नेलं.