अंजनाबाईनं सांगितलेला पिक्चर

अंजनाबाईनं पिक्चर पाहिला की तो अख्ख्या गल्लीनं पाहिला, असंच समजायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओट्यावर बाया जमायच्या आणि बाई हिरो, हिरोईन, व्हिलन, सगळ्यांच्या आवाजात पिक्चर रंगवून सांगायची. तिकीट काढून पाहून आलेल्याही पुन्हा ऐकायला यायच्या.

मग तिचे कान गेले. मशीन आणलं, तर ते मेलं कानात शिट्ट्या मारायचं. बाईनं ते कपाटात टाकून दिलं. पिक्चर पाहणं सुटलं, ओटा ओस पडला. नवरा देवराव सिटी बसचा रिटायर कंडक्टर. जन्मभर "बर्डी, बर्डी!" असं स्टॉपचं नाव ओरडलेला गळा, पण घरातलं बोलणं ओरडून बोललं की गल्लीभर जातं, म्हणून तो हातवारे करायला लागला. जेवण, गोळ्या, दार लाव. हातवाऱ्यांत मावेल तेवढाच संसार उरला. बाई गप्प होत गेली. बोलकं माणूस असं मुकं झालं की घर खायला उठतं हो! देवरावच्या जिवाला ते लागलं होतं. तिनं एकदा तरी पुन्हा ओट्यावर बसून पिक्चर सांगावा, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये जुने विलायती मूकपट दाखवून राहिलेत, असं पुतणीनं, प्रीतीनं सांगताच तो उठलाच. ज्यात कोणी बोलतच नाही, तो पिक्चर हिच्यासाठीच!

पडद्यावर घोडे, धूळ, बंदुका, आणि खिडकीशी डोळे पुसणारी हिरोईन. मधूनमधून इंग्रजी पाट्या. प्रीती देवरावच्या कानात अर्थ सांगे आणि हा बायकोच्या तोंडासमोर हात नाचवी. शेवटी अंजनाबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. "चूप बसा ना! दिसून राहिलं मले सगळं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून ओट्यावर आली आणि शेजारणीला हाक मारली, "रुख्मिणी, ये वं! पिक्चर पाहिला काल." बाया जमल्या. दाराआड देवराव हरखून ऐकत उभा. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं, ही भलताच पिक्चर सांगून राहिली! डाकू पकडून हिरो परत येतो, टोपी हातात घेऊन दारात उभा राहतो. तेव्हा हिरोईन काय म्हणते, ते त्याला पाठ होतं. पाटीवर होतं, 'तू येशील हे ठाऊक होतं मला.' हिरोईनच्या तोंडीही ही भलतंच घालेल, म्हणून देवराव दुरुस्त करायला पुढे झाला.

तेवढ्यात अंजनाबाई हिरोईनच्या आवाजात म्हणाली, "आला गा? डाकूसंगं त लढला, पन माह्यासंगं बोलनं काहून सोडलं? ऐकू नाही येत मले. पन तुह्ये ओठ त दिसते ना!"

"अवं, हिरोईन बहिरी होती का?" रुख्मिणीनं विचारलं. बाईला ते ऐकू गेलं नाही.

"होती," देवराव म्हणाला. तो बायकोच्या समोर येऊन बसला, हात मांडीखाली दाबले, आणि सावकाश विचारलं, "मंग? मंग काय झालं वं?"

अंजनाबाई त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"मंग," ती म्हणाली, "मंग बोलला तो."