पाहुण्यांचा कूलर

कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की मला शेलार गावाजवळचं ते फार्मसी कॉलेज आठवतं. मी तिथे शिकवायला होते. मे महिना, शेजारच्या यंत्रमागांची अखंड खडखड, आणि पत्र्याच्या खोलीत प्रयोगांसाठी ठेवलेले ससे. त्यांच्या खोलीत एकच कूलर होता. तोही एका सकाळी प्राचार्यांनी उचलून सभागृहात नेला, कारण मुंबईहून मोठे पाहुणे व्याख्यानाला येणार होते. विषय होता प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची काळजी. मी म्हटलं, "सर, ससे धापा टाकतायत." सर शालीची घडी नीट करत म्हणाले, "ससे काय तक्रार करणारेत का, मॅडम? पाहुण्यांना घाम आला तर कॉलेजची इज्जत जाईल." पाहुणे मानेवर गार वारं घेत तासभर करुणेवर बोलले, शाल-श्रीफळ घेतलं आणि फोटोसाठी एक ससा मागवला. ससा त्यांच्या मांडीवर कान टाकून निपचित पडला. "किती शांत आहे. छान सांभाळता तुम्ही," ते म्हणाले. "शांत नाही सर, उकाड्याने अर्धमेला झालाय," मी म्हटलं. सगळे हसले, त्यांना वाटलं मी विनोद केला. कूलर नंतर सरांच्या केबिनमध्ये गेला, तो परतलाच नाही. परवा कामासाठी तिकडे गेले, तर तो फोटो फ्रेम करून सशांच्याच खोलीत लावलेला. शाल, नारळ, हसू, आणि मागे कूलर. आतल्या सशांच्या वाट्याला कूलर आला, तो एवढाच.